तुम्ही विचारलंत म्हणून : गवत कुणी मुद्दाम लावतं का?

"गवत काढायला माणूस मिळत नाही म्हणून लोक रडतात, आणि तुम्ही लावताय?" आमच्या फाटकाशी थांबणाऱ्या दोघांतला एक तरी हे विचारतोच. उरलेला विचारतो, "साप नाही का येत?" इतकी वर्षं मी "आवड आहे हो" म्हणून विषय बदलत आले. आता एकदाच नीट सांगते.

आमचं घर दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला, चार गुंठ्यांवर. वीतभर माती, खाली मुरूम. वारा असा की दोरीवरचे कपडे शेजारच्या वावरात शोधावे लागतात. इथे आलो तेव्हा पुण्यातल्या सोसायटीत पाहिलेली बाग डोक्यात होती. गुलाब आणले, जास्वंद आणली, मधोमध लॉन केली. लॉनने दोन उन्हाळे टँकरचं पाणी प्यायलं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तरीही राम म्हटला. गुलाब वाऱ्याने झोडपून निघाले.

त्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, संध्याकाळी पायरीवर बसले होते. शेजारच्या पडीक प्लॉटवर कुणी काही लावलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं. तिथे कमरेइतकं पवन्या आणि कुसळी गवत उभं होतं, मागून उतरतं ऊन, आणि प्रत्येक तुरा पेटल्यासारखा दिसत होता. वाऱ्याची झुळूक आली की सगळं एकदम वाकायचं आणि सावकाश उठायचं. माझ्या बागेत त्या वेळी वाऱ्याने मोडलेलं काय काय होतं, ते मोजत बसण्यात अर्थ नव्हता. हा सगळा भागच मुळात माळरानाचा. थोडं पुढे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथे याच गवतात चिंकारा चरतात. आपण त्याला सरकारी भाषेत पडीक म्हणतो एवढंच.

तर उंच गवत लावायला मी तिथून सुरुवात केली. अर्थात आधी एक चूक करून. एका रोपवाटिकेतून पम्पास आणलं, पैसे मोजून. लग्नाच्या मांडवात हल्ली ते पांढरे मोठे झुपके लावतात ना, तेच. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये हे बी उडवून उडवून उच्छाद मांडतं, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे उच्छाद मांडण्याइतकं जगलंच नाही, दुसऱ्या पावसाळ्यात बुडाशी कुजलं. जाताना बोट मात्र कापून गेलं. त्याच्या शास्त्रीय नावाचं मूळच कापणे या अर्थाच्या स्पॅनिश शब्दात आहे, म्हणजे तक्रारीला जागा नाही. लाल पानांचं फाउंटन ग्रास मात्र दोन कुंड्यांत आहे, कारण त्या जातीला बी धरत नाही म्हणतात. त्याची हिरवी भावंडं हवाईत लाव्ह्याच्या माळांवर पसरून वणव्यांना खाद्य पुरवतात. ती मी फाटकाच्या आत येऊ देत नाही.

मग जे लावलं ते बहुतेक इथलंच, किंवा तुमच्याही अंगणात असलेलं. गवती चहा हे उंच शोभेचं गवतच आहे, आपण त्याला सारखं खुडतो म्हणून ते कधी दिसत नाही. एक ठोंब दोन वर्षं हात न लावता सोडून बघा, छातीपर्यंत कारंजं होतं. भिंतीच्या सावलीत फूलझाडूचं गवत आहे. घरात केर काढतो तो मऊ झाडू म्हणजे त्या गवताचे तुरे, हे पाहुण्यांना सांगितलं की ते झाडूकडे वेगळ्या नजरेने बघतात. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे वाळा. आणि पश्चिमेच्या कडेला, मावळतीचं ऊन मागून येईल असं, कुसळी.

कुसळीला सगळे नाकं मुरडतात. मोज्यांत घुसते, धोतरात घुसते, मेंढीच्या लोकरीतून कातड्यात जाते. पण एकदा एक कुसळ तळहातावर घ्या. खाली टोकदार बी, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, आणि वर बोटाएवढी लांब काळपट शेपटी, दोरीसारखा पीळ दिलेली. तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही. मग शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि सगळं कुसळ तुमच्या हातावर घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं. वाळलं की परत पीळ. जमिनीवर हेच होतं: रात्री दव, दिवसा ऊन, आणि दर फेरीला बी मातीत थोडं आणखी खाली जातं, केसांमुळे मागे येत नाही. स्वतःला स्वतः पेरणारं गिरमीट. माझ्या भाचीने हे पाहिलं तेव्हा तिने बशीभर कुसळं गोळा केली आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत ती ड्रॉपर घेऊन बसली होती.

वावर शेजारी असलेले एक काका मला उसाचं कौतुक ऐकवतात आणि गवताला हसतात. त्यांना मी एकदा सांगितलं, ऊस म्हणजे गवतच की. तेही साधं नाही. कोइमतूरला 1912 साली ऊस पैदास केंद्र निघालं, तिथे बार्बर आणि व्यंकटरामन या शास्त्रज्ञांनी उसाचा संकर नदीकाठच्या रानटी काश गवताशी केला आणि 1918 साली को 205 ही जात दिली. आज शिवारात जो ऊस उभा आहे त्याच्या अंगात ते रानगवत आहे. काका म्हणाले, "असेल, पण तुमच्या गवताला कारखाना टनाला काय भाव देणार?" काश मी लावलेलं नाही, हेही सांगून टाकते. ते जमिनीखालून धावतं, आणि चार गुंठ्यांत मला धावणारं काही नको.

आता सापाचं. येत नाही असं मी म्हणणार नाही. सात वर्षांत दोनदा धामण दिसली आहे. साप उंदरामागे येतो, आणि उंदीर धान्यामागे, खरकट्यामागे, विटांच्या ढिगामागे. तरीही काळजी घ्यावीच. गवत दारापासून, जाण्यायेण्याच्या वाटेपासून आठ-दहा फूट लांब. ठोंबांच्या मध्ये जमीन मोकळी, म्हणजे पाय कुठे पडतोय ते दिसतं. हात घालण्याआधी काठी आपटायची. आणि अंधारात तिकडे काम काढायचं नाही, मग बॅटरी असली तरी.

लावायला अवघड काहीच नाही. पहिले दोन चांगले पाऊस झाले की जुना ठोंब पहारीने फोडायचा, वरची पाती वीतभर ठेवून छाटायची आणि लावायचं. अंतर मात्र सोडा. गवत जितकं उंच होणार तितकं तरी. सुरुवातीला टक्कल दिसतं, सगळ्यांना घाई होते, मधे काहीतरी खुपसतात आणि दुसऱ्या वर्षी गचपण होतं. शेणखत नको. मी पहिल्या वर्षी प्रेमाने दोन घमेली घातली, तर सप्टेंबरच्या पावसात सगळं गवत लोळलं. आणि कडेला दगडांची एक सरळ ओळ लावा. या ओळीने गवताला काही फरक पडत नाही, बघणाऱ्याला पडतो. ओळ नव्हती तेव्हा लोक विचारायचे, "माणूस पाठवू का साफ करायला?" आता विचारतात, "कुठलं हो हे?"

माणसावरून आठवलं. चार वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही आठ दिवस नाशिकला गेलो. आमच्याकडे बागेला मदतीला येणारे दादा आहेत, त्यांच्यावर पाणी सोपवलं होतं. परत आलो तर बाग भुईसपाट. कुसळी विळ्याने कापून पेंढ्या बांधलेल्या, गवती चहाही गेलेला, आणि वाळा तर कुदळीने खणून काढलेला. दादा घाम पुसत म्हणाले, "ताई, एकट्याने केलं सगळं. सणाचं घर, म्हटलं स्वच्छ दिसू दे." मला रडावं की ओरडावं कळेना. मी आत जाऊन चहा टाकला. बिनगवती.

शांत झाल्यावर बोललो तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं, आणि ते बरोबर होतं. चाऱ्याचं गवत याच दिवसांत कापतात. कुसळ पक्कं व्हायच्या आत कापलं तर जनावर आवडीने खातं, नंतर त्याचा नुसता कडक भुस्सा. मी फुलोरा बघायला ते उभं ठेवते आणि शिमग्याच्या आधी कापते, ही माझ्या दृष्टीने बाग आणि त्यांच्या दृष्टीने नासाडी. कुसळी तगली, गवताचा कोंब जमिनीलगत असतो, विळा वरून जातो. त्या वर्षी तुरे मात्र दिसले नाहीत.

खणलेला वाळा ओसरीवर पडला होता. हाताएवढ्या लांब तांबूस मुळ्यांचा गुंता. ही मुळं चांगल्या जमिनीत दहा फुटांपर्यंतही जातात, आमच्या मुरमाने त्यांना अडीच फुटांवर थांबवलं होतं. पाइप लावून माती धुतली आणि पहिल्या ओल्या वाऱ्याबरोबर सगळी ओसरी माठातल्या पाण्यासारखी वासाला लागली. थोडी मुळं सुकवून डब्यात ठेवली, ती दोन उन्हाळे माठात पुरली. वरचे ठोंब फोडून पुन्हा लावले. त्यांतले चार ठोंब दादांनी त्यांच्या बांधावर नेले, पावसात बांध फुटतो म्हणून.

मी स्वतः कापते ते फेब्रुवारीत, वणव्याचे दिवस सुरू व्हायच्या आत. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे. आधी ठोंबाला कमरेपाशी सुतळी बांधायची, वेणी घातल्यासारखी घट्ट, आणि मग सुतळीच्या खाली, जमिनीपासून वीतभर ठेवून विळा चालवायचा. पेंढी आयतीच हातात येते, अंगणभर काड्या उडत नाहीत. ती आंब्याच्या आळ्यात आच्छादनाला जाते. मग जूनपर्यंत त्या जागी नुसती खुंटं दिसतात. त्या चार महिन्यांत माझ्या बागेचा फोटो मागू नका.

आता दर ऑक्टोबरमध्ये दादांचा फोन येतो, "ताई, यंदा कापू का?" पूर्वेकडची रांग त्यांच्या गाईची, असं ठरलं आहे. पश्चिमेची माझी. मागच्या वर्षी गाय व्याली तेव्हा खरवसाचा डबा आला, वर एक कुसळ चिकटलेलं होतं.