साखरेचा भाव आणि वॉशिंग्टनमधले दोन्ही पक्ष

अमेरिकेत सगळे धोरण डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन पक्षांच्या भांडणातून ठरते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे, आणि निवडणुकीच्या काळातल्या बातम्यांनी ती पक्की होते. मी निपाणी भागातल्या ऊस पिकवणाऱ्या घरातला असल्यामुळे तिथल्या राजकारणाकडे साखरेच्या बाजूने पाहू लागलो, आणि तिथे मला पक्षांपेक्षा दबावगटांचे काम अधिक खोलवर गेलेले दिसले.

तिथली व्यवस्था आपल्याला चटकन समजेल अशी आहे. आपले कारखाने गोदामातली साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचलतात. अमेरिकेत असे कर्ज खुद्द केंद्र सरकारचे कृषी खाते देते. मात्र बाजारभाव पडला तर कारखाना तारणाची साखर सरकारच्या हवाली करून कर्जातून मोकळा होऊ शकतो. सरकारला साखर गळ्यात नको असते, म्हणून आयातीवर कोटा आणि देशांतर्गत विक्रीवर मर्यादा घालून भाव वर राखला जातो. त्यामुळे शेतकऱ्याला थेट अनुदान दिल्याचे कुठे दिसत नाही, तो भार साखर विकत घेणाऱ्यावर पडतो. तो इतक्या घरांत थोडाथोडा विभागला जातो की त्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही. उलट मिनेसोटा व नॉर्थ डकोटामधले साखरेसाठी बीट पिकवणारे आणि फ्लोरिडा व लुइझियानामधले ऊस उत्पादक यांच्या दृष्टीने हा जगण्याचा प्रश्न असतो, म्हणून ते वर्षभर संघटित राहतात.

2018 साली व्हर्जिनिया फॉक्स या रिपब्लिकन सदस्येने शेती विधेयकात ही व्यवस्था सैल करण्याची दुरुस्ती संसदेच्या प्रतिनिधिगृहात मांडली. मिठाई आणि शीतपेये बनवणारे उद्योग अशा बदलासाठी झटत होते. दुरुस्ती 137 विरुद्ध 278 मतांनी फेटाळली गेली. त्या मतदानाची यादी नावानिशी सर्वांसाठी खुली आहे, आणि ती वाचताना दोन्ही बाजूंना दोन्ही पक्षांची नावे सापडतात. सदस्याचा पक्ष कोणता यापेक्षा त्याच्या मतदारसंघात काय पिकते आणि कोणता कारखाना चालतो, हे तिथे अधिक मोलाचे ठरते. मिनेसोटामधली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे आणि तिचा निवडणूक निधी दोन्ही पक्षांच्या उमेदवारांकडे जातो. पुढे जुलै 2025 मध्ये केवळ रिपब्लिकन मतांवर जो मोठा कर-कायदा झाला, त्यातही कच्च्या साखरेच्या तारणावर पौंडामागे मिळणारे कर्ज 19.75 सेंटवरून 24 सेंटवर गेले. म्हणजे पक्ष एकमेकांशी अटीतटीने लढत असतानाही साखरेचे कलम सुखरूप राहिले.

याला शेती विधेयकाची रचनाही कारणीभूत आहे. गरिबांच्या अन्नसाहाय्याची योजना त्याच विधेयकात असते, म्हणून शहरी सदस्य शेतीच्या कलमांना आणि ग्रामीण सदस्य अन्नसाहाय्याला मत देत आले. 2013 मध्ये ही सांगड तुटली तेव्हा विधेयक प्रतिनिधिगृहात पडले. सगळेच दबावगट साखरवाल्यांसारखे दोन्हीकडे पाय रोवून नसतात. बंदूकधारकांची संघटना रिपब्लिकनांशी आणि कामगार संघटना बहुतांशी डेमोक्रॅटांशी बांधलेल्या आहेत, आणि आपला पक्ष सत्तेबाहेर गेला की त्यांचे वजन घटते.

आपल्या सीमाभागात दबावगटानेच पक्षाचे काम केले. महाराष्ट्र एकीकरण समिती सीमाभाग महाराष्ट्रात आणण्याच्या एका मागणीसाठी उभी राहिली आणि स्वतःचे उमेदवार देत आली. 2013 मध्ये कर्नाटक विधानसभेत तिचे दोन आमदार निवडून आले, 2018 आणि 2023 मध्ये एकही नाही. त्या मागणीचे स्वरूपच असे आहे की दुसऱ्या पक्षांच्या आत राहून ती पुढे नेणे अवघड होते, हे मला मान्य आहे. उसाचे मात्र तसे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला 3,500 रुपयांची मागणी घेऊन ठाण मांडून बसले आणि कर्नाटक सरकारला 3,300 रुपयांवर यावे लागले. ही ताकद खरी आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. पण ती गळीत हंगामाच्या तोंडावर उभी राहते आणि धुराडी पेटली की पांगते. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, मात्र त्याआधीच दिल्लीत ठरलेला असतो.

अथणी, चिक्कोडी, रायबागच्या शेतकऱ्यांनी, मराठी आणि कन्नड दोघांनी मिळून, तोडणी-वाहतुकीचा, खताचा आणि पाण्याचा खरा हिशेब वर्षभर लिहून ठेवावा आणि कृषी खर्च व मूल्य आयोगाची एफआरपीबाबतची शिफारस तयार होत असतानाच तो आयोगापुढे ठेवावा, असे मला फार मनापासून वाटते. तोच हिशेब जिल्ह्यातल्या प्रत्येक पक्षाच्या खासदार-आमदाराच्या हातात, निवडणूक असो वा नसो, दरवर्षी गेला पाहिजे.