तुम्ही विचारलंत म्हणून: खिशाला परवडणारी बरगंडी

ल्योंला राहायला आल्यापासून पुण्याहून येणारे पाहुणे, भाचरं, मैत्रिणी सगळे मला हेच विचारतात: "पंचवीस युरोंच्या आसपास बरगंडीची चांगली रेड वाईन मिळते का गं?" मिळते. मात्र त्यासाठी मोठ्या गावाच्या नावाचा मोह सोडावा लागतो.

बरगंडी या फ्रान्समधल्या प्रदेशातल्या वाईनची उतरंड साधी आहे. तळाला सबंध प्रदेशाच्या नावाची वाईन, तिच्यावर एकेका गावाची, मग निवडक मळ्यांची प्रीमिये क्रू आणि शिखरावर ग्राँ क्रू. रेडसाठी द्राक्ष जवळजवळ सगळीकडे एकच, पिनो न्वार. फरक पडतो तो उताराने, मातीने आणि करणाऱ्याच्या हाताने. जेव्रे गावाने १८४७ साली आपल्या सर्वांत नामांकित मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं आणि ते जेव्रे-शाँबेर्तँ झालं. त्या नावाची उत्तम वाईन आहेच, पण गावाच्या नावाने विकली जाणारी काही वाईन हमरस्त्यापलीकडच्या सपाट जमिनीतलीही असते. किंमत मात्र नावाचीच. अशाच एका प्रसिद्ध गावाची बाटली मी पन्नास युरो मोजून आणली होती. पाणचट निघाली, आणि फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी शेजारच्या गावांत जाते. नावाजलेल्या व्होल्ने गावाला खेटून असलेलं मोंतेली, कोत द बोन या बरगंडीतल्या डोंगरउताराच्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाची सांतने आणि मारांज, त्याहून खाली जिव्री आणि मेर्क्युरे. जेव्रेच्या शेजारचं फिसँसुद्धा. लेबलवर त्यात 'एक्स' दिसतो, पण गावकरी 'स'च म्हणतात.

सांतनेच्या एका तळघरातली सकाळ अजून आठवते. बाईंनी २२८ लिटरच्या पिंपाचं बूच काढलं, काचेची नळी आत सोडली आणि माझ्या ग्लासात दोन घोट ओतले. रंग कोकम सरबतासारखा, ग्लासाखाली धरलेलं बोट दिसेल इतका पातळ. पहिला घोट जांभळासारखा तुरट, जीभ आखडली. बाई म्हणाल्या, थांबा. दहा मिनिटं त्या एप्रिल २०२१च्या कडाक्याच्या दंवाबद्दल बोलत राहिल्या, कोवळे कोंब एका रात्रीत कसे करपले ते सांगत. मग मी पुन्हा ग्लास उचलला. चेरी, ओली माती, आणि तुरटपणा मऊ झालेला. पिनो न्वारला एवढा वेळ द्यावाच लागतो. चव घेताना थुंकायला लाजू नका, तिथे सगळेच थुंकतात. नाहीतर चौथ्या ग्लासापासून सगळंच छान लागायला लागतं.

दुकानातून घेणार असाल तर लेबलवर बाटली दोमेनमध्येच, म्हणजे द्राक्षं पिकवणाऱ्याच्या स्वतःच्या मळ्यावरच, भरल्याचं लिहिलंय का ते बघा, आणि आधी एकच बाटली घ्या. १५ अंशांच्या आसपास प्या. उन्हाळ्यात वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की पुरे. अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती आणखी छान लागली तर परत जाऊन सहा घ्या. मी अशीच करते खरेदी.

तिखटजाळ रश्श्यासोबत मात्र नको, मिरचीने तुरटपणा टोचायला लागतो. भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, मिरची अगदी बेताची, धुराचा वास भरपूर. सांतनेची शेवटची बाटली मी त्याच्याबरोबरच उघडली.