मामांची नक्षी, भाच्याची मापे

इंदूरला रामबागेत माझे क्यू दुरुस्तीचे दुकान आहे. टिप बदलणे, फेरूल बसवणे, वाकलेल्या शाफ्टच्या मालकाला वाईट बातमी देणे आणि अधूनमधून एखादी नवी क्यू विकणे, एवढाच त्याचा पसारा. क्यू म्हणजे बॉल मारायची काठी: तिचा पुढचा निमुळता भाग शाफ्ट, मागचा मुठीचा भाग बट, दोघांचा सांधा जॉइंट, टोकावरची चामड्याची गादी टिप आणि टिपेखालचे कडे फेरूल. दुरुस्तीला येणाऱ्या क्यू बहुतेक स्नूकरच्या, म्हणजे ॲशच्या लाकडाच्या व पितळी फेरूलच्या असतात; स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत झाला असल्यामुळे आमच्या मुलखात ते साहजिकही आहे. अलीकडे मात्र पूलच्या क्यूही येऊ लागल्या आहेत. पूलचा बॉल सव्वादोन इंची, स्नूकरच्या बॉलपेक्षा मोठा आणि जड. म्हणून या क्यूचा शाफ्ट मेपलचा, टिप १३ मिलिमीटरच्या आसपास आणि जॉइंट बहुधा मध्यावर असतो. या क्यूंबरोबर एक प्रश्नही दुकानात येतो: कंपनीची तयार क्यू घ्यावी, की कारागिराकडून आपल्यापुरती बनवून घ्यावी? याचे उत्तर मी एरवी दोन वाक्यांत देतो. मे महिन्यातल्या एका रविवारी मात्र त्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ लागला.

आलेला तरुण सहा फुटांहून चांगलाच उंच, नोकरी सॉफ्टवेअरमधली, खेळ राज्य पातळीवरचा. त्याच्या खांद्याला दोन क्यू-केस होत्या आणि हातात चार पानांचा छापील फॉर्म. अमेरिकेतल्या एका क्यू बनवणाऱ्या कारागिराचा तो ऑर्डर-फॉर्म होता. मूळचे इथल्याच लोकमान्य नगरचे आणि आता न्यू जर्सीला स्थायिक झालेले त्याचे मामा भाच्याला कस्टम क्यू भेट देणार होते, आणि पैशांचा प्रश्न नव्हता. फॉर्मचे नक्षीचे पान मामांनी मोठ्या हौसेने भरून पाठवले होते: पुढच्या भागात आबनुसाचे आठ पॉइंट, म्हणजे लाकडात जडवलेल्या टोकदार पट्ट्या, मुठीच्या मागे ब्राझिलियन रोजवूड, जॉइंटपाशी चांदीच्या कड्या, आणि जमल्यास थोडे हस्तिदंताचे जडावकाम. मापांचे पान जवळजवळ कोरे होते. वजन, तोल, लांबी, टिपेचा व्यास, शाफ्टचा टेपर (निमुळतेपणा), जॉइंट या रकान्यांत भाच्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली होती.

"काका, हे तुम्हीच भरून द्या. तुम्हांला यातले कळते," तो म्हणाला.

"मला क्यूतले कळते रे, पण फॉर्म तुझ्या हाताविषयी विचारतो आहे," मी म्हणालो.

हस्तिदंत आणि ब्राझिलियन रोजवूड हे दोन शब्द मात्र मी त्याच्यादेखत लगेच खोडले. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे, आणि ते रोजवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंधांच्या सर्वांत कडक यादीत आहे. अशी क्यू विमानतळावर अडकली असती, तर ती सोडवून आणणे मामांच्या डॉलरनाही जमले नसते.

दोन केसांपैकी एकीत त्याची स्वतःची, एका अमेरिकन कंपनीची तयार क्यू होती. दुसरीत बडोद्याच्या एका मित्राकडून काही दिवसांसाठी मागून आणलेली कस्टम क्यू होती, आणि सगळा घोळ तिनेच केला होता. त्याचे म्हणणे असे, की आपल्या क्यूने लांबून स्क्रू, म्हणजे मागे आणणारी फिरकी, मारताना पांढरा बॉल जिथल्या तिथे थबकतो, तोच मित्राच्या क्यूने सरळ मागे येतो. साइड, म्हणजे बॉलला मध्यापासून बाजूला मारून दिलेली फिरकी, मारली तर आपल्या क्यूने पॉट (बॉल खिशात घालणे) हुकतो, मित्राच्या क्यूने बसतो. थोडक्यात, हाताने केलेल्या क्यूत काहीतरी जादू असते आणि कंपनीच्या क्यूत ती नसते. मी त्याला आधीच सांगून ठेवले, की मी तयार क्यू विकतो, कस्टम विकत नाही, तेव्हा माझ्या मताला स्वार्थाचा वास येणारच. म्हणून मत मागण्यापेक्षा आपण मोजून पाहू.

मोजण्याआधीच पहिली गोष्ट डोळ्यांना दिसली. त्याच्या क्यूची टिप मार खाऊन चपटी झाली होती, कडा फेरूलबाहेर आल्या होत्या, आणि वरचा भाग इतका गुळगुळीत झाला होता की चॉक धरतच नव्हता. मित्राच्या क्यूला थरांच्या चामड्याची नवी टिप होती. टिप आणि बॉल यांची गाठ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती पडते. तेवढ्यात टिप घसरली की स्क्रू संपला, मग मागचे लाकूड कोणाच्याही हातचे असो. तो इतके दिवस दोन टिपांची तुलना करीत होता आणि निकाल दोन क्यूंच्या नावे लिहीत होता. मित्राची फोनवर परवानगी घेऊन दोन्ही क्यूंना एकाच डबीतल्या, एकाच कठीणपणाच्या टिपा बसवायचे ठरले.

हे काम घाईचे नाही. जुनी टिप पात्याने उतरवायची, शाफ्ट लेथवर धरून फेरूलचे तोंड जेमतेम ताजे होईल इतकेच घासायचे, कारण तिथे गेलेले परत येत नाही. नव्या टिपेची पाठ काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर सपाट करायची, गोंदाचा पातळ थर देऊन दाबून ठेवायची, आणि पुरती वाळली की बाजू फेरूलच्या रेषेत छाटून चामड्याच्या तुकड्याने चकाकी येईपर्यंत घोटायची. शेवटी माथ्याला गोलाई द्यायची. दोन्ही टिपांची गोलाई मी एकाच गेजने तपासली, कारण तिथे फरक राहिला असता तर पुढचा सगळा खटाटोप फुकट गेला असता.

गोंद वाळेपर्यंत मापे घेतली. दोन्ही क्यू ५८ इंचांच्या. कंपनीच्या क्यूचे वजन साडेएकोणीस औंस, मित्राच्या क्यूचे साडेअठरा. बोटावर तोलून पाहिले तर कंपनीच्या क्यूचा तोल मागच्या टोकापासून १८ इंचांवर आला, मित्राच्या क्यूचा सव्वाएकोणीस इंचांवर. व्हर्निअर लावला तेव्हा खरा भेद दिसला: कंपनीचा शाफ्ट टिपेपाशी १२.९ मिलिमीटर होता आणि दहाएक इंचांनंतर जाड होऊ लागत होता, तर मित्राचा शाफ्ट टिपेपाशी १२.४ मिलिमीटर होता आणि ती जाडी जवळजवळ चौदा इंचांपर्यंत टिकून होती. बट आणि शाफ्ट आधी सुटे, मग जोडून टेबलावर गडगडवून पाहिले. दोन्ही क्यू सरळ निघाल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण कंपनीची क्यू वाकतेच आणि हातची वाकत नाही असा एक समज आहे. आमच्याकडचा कोरडा उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा पावसाळा कोणत्याही मेपलची परीक्षा पाहतो. लाकूड किती वाळवले आणि शाफ्ट एका दमात छिलला की मध्ये महिनोन्‌महिने विश्रांती देत थोडा थोडा छिलला, यावर बरेच काही ठरते, आणि दोन्ही प्रकारची माणसे दोन्हीकडे आहेत.

दुपारी पलासियाकडच्या एका ओळखीच्या पार्लरमध्ये गेलो. उन्हामुळे टेबले रिकामी होती. दोन्ही बटांवर मी क्रेप बँडेज गुंडाळले, म्हणजे नक्षी दिसू नये आणि लाखेचा किंवा दोऱ्याचा स्पर्शही ओळखू येऊ नये. सुदैवाने दोघींचा जॉइंट एकाच मापाचा होता, तीन-अष्टमांश इंच जाडीचा आणि इंचाला दहा आट्यांचा. त्यामुळे याचा शाफ्ट त्याच्या बटाला बसत होता, सांध्यावर नखाला लागेल इतकी बारीक कड तेवढी राहत होती. दोन बट आणि दोन शाफ्ट मिळून चार जोड्या झाल्या. तो पाठ फिरवून उभा राही, मी जोडी जुळवून हातात देई, आणि तो खेळून फक्त बरी की वाईट एवढेच सांगे.

स्क्रूची जादू नव्या टिपेबरोबरच निघून गेली. चारही जोड्यांनी बॉल मागे येऊ लागला. साइडचे तसे नव्हते. टेबलाच्या लांबीएवढ्या अंतरावरून भरपूर साइड देऊन सरळ मारायचे आणि समोरच्या कुशनला लावलेल्या कागदावर पांढरा बॉल कुठे आदळतो ते पाहायचे, असे केल्यावर कंपनीच्या शाफ्टने बॉल रेषेपासून चार बोटे हटला, मित्राच्या शाफ्टने जेमतेम दोन. मागे कोणता बट आहे याने काहीच फरक पडला नाही.

याचे कारण गूढ नाही. साइड मारताना शाफ्टचे पुढचे काही इंच आडवे ढकलले जातात, आणि तो भाग जितका जड तितका बॉल उलट बाजूला अधिक फेकला जातो. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर यांनी हे वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रित करून वारंवार समजावले आहे. म्हणूनच पुढचा भाग पोकळ किंवा हलका केलेले शाफ्ट कंपन्यांनी १९९० च्या दशकात बाजारात आणले, आणि आज कार्बन फायबरचेही शाफ्ट मिळतात. म्हणजे ज्या गुणासाठी भाचा कस्टम क्यू मागत होता, तो गुण यंत्रावर, एकसारखा आणि हवा तेव्हा तसाच दुसरा मिळेल अशा रीतीने बनवण्यात कंपन्याच पुढे आहेत. एकेका कारागिराला ते इतके अचूक साधणे अवघड जाते, आणि चांगले कारागीर हे स्वतःच सांगतात.

"मग बटात काहीच नसते का, काका?" त्याने विचारले. चेहरा थोडा उतरला होता.

बटात पुष्कळ असते. मी त्याच्या बटाचे रबर काढून आतला औंसभर वजनाचा स्क्रू बाहेर घेतला. मागचे वजन गेल्यामुळे तोल पाऊण इंचाहून अधिक पुढे सरकला, आणि दोन्ही बट त्याला एकसारखे वाटू लागले. आवाज तेवढा निराळा होता. मित्राच्या क्यूचा ठोका भरीव आणि गोड होता, आणि तो ऐकत खेळण्याचे सुख मी नाकारणार नाही. फक्त हाताला आणि कानाला ते कळेपर्यंत बॉल केव्हाच निघून गेलेला असतो.

खरी गोष्ट यानंतर दिसली. तो वाकून उभा असताना मी बाजूने पाहत होतो. त्याच्या मागच्या हाताची शेवटची दोन बोटे बटाच्या टोकाच्या रबरावर होती. हात लांब, ब्रिज (पुढच्या हाताच्या आधारापासून बॉलपर्यंतचे अंतर) लांब, त्यामुळे ५८ इंच त्याला पुरतच नव्हते. हात मागे सरकायला जागाच नसल्याने लांबच्या शॉटला तो कोपर आखडून मारत होता, आणि दोन्ही क्यूंनी सारखेच आखडून मारत होता. पार्लरमधले जोडनळीचे एक्स्टेन्शन मागे लावून पाहिले. हात मोकळा झाला, पण वजन वाढले आणि तोल पुन्हा मागे गेला. तयार क्यूंची यादी इथे संपत होती. साठ इंच लांबी, पण वजन साडेअठरा-एकोणीस औंसांच्या आत आणि तोल पुढे, असा बट त्या यादीत मला सापडत नव्हता; त्याच्यासाठी लाकूड निवडून, आतून हलके करून बनवणारा माणूसच हवा होता. नियमांचीही अडचण नव्हती. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत क्यू किमान ४० इंच हवी, लांबीला वरची मर्यादा नाही, आणि वजन २५ औंसांपर्यंत चालते.

संध्याकाळी मामांचा फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. बट बनवून घ्यायचा, शाफ्ट कंपनीचा घ्यायचा, हे त्यांना पटायला वेळ लागला. "अहो, पण मला बलाबुष्कासारखी अस्सल, एकाच हातची वस्तू द्यायची आहे," ते म्हणाले. जॉर्ज बलाबुष्का हे क्यू बनवणाऱ्यांतले सर्वांत मोठे नाव. १९१२ साली रशियात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेले हे कारागीर १९७५ साली गेले, आणि त्यांच्या क्यू आज संग्राहकांकडे असतात. मी मामांना एवढेच सांगितले, की त्यांच्याही नामांकित क्यूंपैकी कित्येकींचे मूळ लाकूड ब्रन्सविक कंपनीच्या तयार टायटलिस्ट क्यूचे होते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, "आणि माझे आठ पॉइंट?"

इथे घासाघीस झाली. आबनूस मेपलपेक्षा फार जड. साठ इंची क्यूत आठ पॉइंट घातले तर वजनाचा रकाना पाळता येत नाही. चांदीच्या कड्यांचेही तेच. अखेर आबनुसाऐवजी हलक्या लाकडाचे चार पॉइंट मान्य झाले, कड्या गेल्या, आणि बटाच्या मागच्या टोकाला भाच्याची आद्याक्षरे कोरायची एवढी मामांची हौस राहिली. आद्याक्षरांना वजन नसते, तेव्हा मी हरकत घेतली नाही.

जॉइंटच्या रकान्यावर मात्र मी अडून बसलो. कारागिराने आपली स्वतःची खास पिन, म्हणजे बट-शाफ्ट जोडणारा आट्यांचा खिळा, सुचवली होती. बट नीट वापरला तर माणसाच्या आयुष्यभर टिकतो. शाफ्ट घासून बारीक होतो, ठेचाळतो, कधी वाकतो, आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. पिन फक्त एका माणसाच्या कारखान्यात बनत असेल, तर त्याने काम थांबवल्यावर तो सुंदर बट खुंटीला टांगायच्या कामाचा. म्हणून पिन बाजारात सहज मिळणारी, इंचाला दहा आट्यांचीच हवी, असे आम्ही लिहून कळवले. कारागिराने आढेवेढे न घेता होकार दिला आणि उलट शाफ्टच्या तोंडाचा नेमका व्यास विचारला, म्हणजे सांध्यावर कड राहू नये. माणूस कामाचा आहे हे मला त्या प्रश्नावरून कळले.

बट तयार व्हायला वर्षाहून अधिक काळ लागेल, असे त्याने कळवले आहे. तोवर भाचा जुन्याच बटावर, वजनाचा स्क्रू काढलेल्या अवस्थेत, १२.४ मिलिमीटरचा हलका शाफ्ट लावून खेळतो आहे. तो शाफ्ट माझ्याकडून जाईल अशी थोडी आशा होती, पण तोही मामांनी तिकडूनच पाठवला, त्यामुळे त्या रविवारच्या हिशेबात माझ्याकडे दोन टिपांची मजुरी जमा आहे.