लासिक नको, चष्माच ठेवला
लासिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, करायचं का, यावर घरात बराच खल झाला. मला उजेड अजिबात सोसत नाही. उन्हाळ्यात दुपारी खडेबाजारातून जाताना पत्र्यावरची तिरीप थेट डोळ्यांत घुसते, पाणी वाहायला लागतं. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, एकदा करून टाका, कटकट मिटेल."

पण लासिकने नंबर जातो, उजेडाचा त्रास नाही! कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, पापुद्रा उचलून लेझरने आकार बदलतात. त्यात बारीक नसा कापल्या जातात, म्हणून नंतर काही महिने डोळे कोरडे राहू शकतात. रात्री दिव्यांभोवती वलयंही दिसू शकतात. माझे डोळे आधीच कोरडे. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटं बसवलं, ती जेमतेम ओली झाली. आधी कोरडेपणावर उपचार, असं ते म्हणाले. मला पटलं.

सध्या फोटोक्रोमिक काचा घेतल्यात. त्या अतिनील किरणांनी काळवंडतात, आणि कारची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते. त्यामुळे धारवाडकडे जाताना त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी नंबरचा पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारा, गॉगल वेगळा करून घेतला. घरात मात्र गॉगल लावून बसू नका. अंधाराची सवय झाली की उजेड आणखी टोचतो.