चिठ्ठी निघालेला प्लॉट

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय आहे, हा सहावा सीझन. कुणाचा ऊस कधी तुटणार ते आमच्या चिठ्ठीवर ठरतं, त्यामुळे हंगामात निम्मं गाव आपल्यावर डाफरतच असतं.

मागच्या डिसेंबरात जुन्नरकडं एका गावात आडसालीचा फड चालू होता, सतरा महिन्यांचा ऊस, आत माणूस शिरला तर दिसत नाही. सकाळी नऊच्या सुमारास ऊसतोड टोळीतली एक बाई एकदम ओरडली, मला वाटलं कोयता लागला की काय, पळत गेलो तर सरीत पाचटावर बिबट्याची तीन पिल्लं. मांजराएवढी, डोळे निळसर, आणि त्यातलं एक माझ्याकडं बघून फिस्स करतंय, एवढुसं ते पण तोरा बघा. मुकादम म्हणला, "हात लावू नका सायेब, आई इथंच आसंल." झालं, कोयते खाली आणि टोळी रस्त्यावर.

फॉरेस्टला फोन केला, माणिकडोहच्या बिबट्या केंद्रातले डॉक्टर पण आले. ग्लोव्ह्ज घालून तपासलं, गोचीड काढले, दोन माद्या एक नर. अंधार पडायच्या आत पिल्लं सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली आणि आजूबाजूला कॅमेरे लावले. मला काय पटेना, अर्धा फड आम्ही सकाळीच मोकळा केलेला, ती येतीय कशाला परत?

डॉक्टर म्हणले, येणार. ह्यांनी जंगल बघितलेलंच नसतं, ऊसात जन्मायचं, ऊसातच व्यायचं, तोड आली की पिल्लू तोंडात धरून शेजारचा उभा प्लॉट गाठायचा. अकोले तालुक्यातला अभ्यास 2013 साली छापून आला, तिथं शेतीच्या पट्ट्यात 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले, आणि खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा. दिवसा निवांत पडून राहायचं, रात्री आपण मोटर चालू करायला ज्या बांधावरून जातो त्याच बांधावरून जायचं. कौतुक म्हणून सांगत नाही हां, आमच्या भागात माणसं गेलीत, लहान पोरं गेलीत.

सकाळी कॅमेऱ्यात बघितलं. रात्री पावणेआठला आली, आधी बराच वेळ बांधावर नुसती बसून राहिली, मग क्रेट पंजानं उलटा केला, एकेकाला हुंगलं आणि एकाची मान धरून गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरं, मग तिसरं. नंतर चौथ्यांदा आली, रिकाम्या क्रेटमध्ये तोंड घालून बघितलं आणि गेली.

ओढ्याच्या चिखलात ठसे होते, ते सरळ पलीकडच्या प्लॉटात. त्याची चिठ्ठी मी परवाची काढलेली.

पंधरा दिवस मागं टाकली. मालक तणतणत आला, वजन घटतंय, तुझा काय बाप भरून देणार का? मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यानं दोनदा बघितला आणि म्हणला, "माझाच प्लॉट सापडला व्हय हिला?" पण तोडा असं काय परत म्हणला नाही.

पंधरा दिवसांनी आधी चारी बाजूनं डबे वाजवत फिरलो, मगच टोळी लावली. आत कोण नव्हतं. एका सरीत पाचट दाबून गोल झालेलं आणि कडंला लाल पट्टा, कुत्र्याच्या गळ्यातला. मालकानं उचलला, झटकला आणि न बोलता खिशात घातला.