आईला वेगळ्या खोलीत का ठेवलं?

इथे नेदरलँड्समध्ये रुग्णालयात दाखल होताना हमखास विचारतात, हल्ली परदेशातल्या रुग्णालयात राहिला होतात का? वेंगुर्ल्याहून आलेल्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे उत्तर हो. लगेच तिला एकटीच्या खोलीत हलवलं. नर्स यायची ती गाऊन, हातमोजे, मास्क घालून. नाकातून, घशातून काडी फिरवून नमुने नेले. "माका वेगळी कित्याक ठेवल्यानी?" म्हणत आई रडवेली झाली.

ते एमआरएसए शोधत होते. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा हा जंतू धडधाकट माणसाच्याही नाकात काही त्रास न देता राहू शकतो. तोच शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या जखमेत गेला, तर जिवावर बेततं.

जंतू भराभर वाढतात, त्यात एखाद्याच्या जनुकात बदल होतो. मग तो औषध मोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतो किंवा आत शिरलेलं औषध बाहेर फेकतो. अँटिबायोटिकने बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याचीच पैदास होते. मला खरी धास्ती वाटते ती प्लाझ्मिडची. औषधाला दाद न देण्याची जनुकं वाहून नेऊ शकणारं डीएनएचं हे छोटंसं कडं एक जंतू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पण मेडिकलमधून आणलेली ती गोळी आतड्यातल्या जंतूंपर्यंत पोहोचतेच, आणि तिला न जुमानणारे तेवढे मागे राहतात. पुढे त्यातल्याच ई. कोलायमुळे लघवीचा संसर्ग झाला, की साध्या गोळ्या लागू पडत नाहीत, शिरेतून औषधं द्यावी लागतात. सिझेरियन, केमोथेरपी, आईच्या गुडघ्यासारखं ऑपरेशन, हे सगळं अँटिबायोटिकच्या भरवशावर चालतं. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या पेनिसिलिनने जंतू निर्ढावतील, असं बजावलं होतं.

आपल्याकडे अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, घरात उरलेली गोळी शेजाऱ्यांना देऊ नका. मात्र हे वाचून कुणी औषधच टाळू नये, ही कळकळीची विनंती. आपल्या सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंमुळे येणारा ताप) होतो, आणि त्यावर वेळेत मिळालेली डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक जीव वाचवते. चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टर देतील तो कोर्स सांगितल्याप्रमाणे घ्या.