एकेचाळिसाव्या मिनिटापर्यंत

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने पुण्यातल्या एका छोट्या कार्यक्रमात ड्रम अँड बेसचा, म्हणजे जलद ड्रम आणि खोल बेस असलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, सेट डीजे म्हणून वाजवला. त्याचे ध्वनिमुद्रण ६२ मिनिटांचे असून त्यात ३१ ट्रॅक आहेत, आणि ते लाइव्ह मिक्स अल्बम (ट्रॅक एकमेकांत मिसळत सलग वाजवलेला अल्बम) म्हणून प्रसिद्ध करावे अशी त्याची इच्छा आहे. "मामा, तुम्ही नीट ऐकून सांगा की, हा अल्बम होतोय का नुसतं रेकॉर्डिंग आहे," असे त्याने मला विचारले. ट्रॅकच्या परवानग्यांचे काम त्याने हाती घेतले आहे, त्यामुळे तो विषय मी इथे बाजूला ठेवतो. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा प्रश्न, कारण अल्बम आणि रेकॉर्डिंग हा फरक त्याने स्वतःच केला होता, आणि त्याचे उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले.

हे संगीत मोबाइलवर ऐकून त्याविषयी मत देणे मला योग्य वाटत नाही. या प्रकारातला सगळ्यात खालचा बेस साधारण ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो उमटतच नाही. कानावर पडतात ते फक्त ड्रम. आमच्या सोलापुरात डीजे म्हटले की मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते, आणि त्या आवाजाचा त्रास झालेली माणसे माझ्या घरातही आहेत. माझा एक मित्र लग्नकार्यांना साउंड भाड्याने देतो. अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या गोडाउनमध्ये, आवाज बेताचा ठेवून, बेसच्या दोन मोठ्या बॉक्सवर मी ते ध्वनिमुद्रण तीन रविवारी तीनदा ऐकले आणि प्रत्येक वेळी मिनिटे वहीत टिपून ठेवली.

ड्रम अँड बेसची गती मिनिटाला साधारण १७० ते १७५ ठोक्यांची असते. भाच्याचा सेट १७४ वर आहे. मात्र बेस पुष्कळदा निम्म्या गतीने, म्हणजे ८७ च्या हिशेबाने चालतो, त्यामुळे ठाय आणि दुगुन एकाच वेळी ऐकल्यासारखे वाटते. वरच्या ड्रमचे मूळ बहुतेक वेळा जुन्या ध्वनिमुद्रिकांमधल्या तुकड्यांत सापडते. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध तुकडा म्हणजे द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' मध्ये ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेली चार आवर्तने (एक आवर्तन चार ठोक्यांचे), जी जेमतेम सात सेकंदांची आहेत. असे दोन ड्रम एकमेकांवर ठेवले तर वीण अधिक दाट होते आणि ती कानाला गोडही लागते. दोन बेस मात्र एकत्र नांदत नाहीत; ते एकमेकांना गिळतात आणि मागे नुसती घरघर उरते. म्हणूनच या संगीताच्या मिक्सची पारख ड्रमवर न करता बेसच्या हस्तांतरावर करावी, असे माझे अनेक वर्षांच्या ऐकण्यातून बनलेले मत आहे. जुन्या ट्रॅकचा बेस कोणत्या क्षणी काढून घेतला, नवा समेवर आला की समेआधीच घुसला, आणि त्या दोहोंमध्ये किती वेळ जमीन मोकळी ठेवली, एवढे ऐकले तरी डीजे ऐकत वाजवतो की मोजून वाजवतो ते कळते.

दोन ट्रॅकची गती जुळवणे ही पूर्वी मोठी कसोटी होती. टेक्निक्सच्या टर्नटेबलवर गती आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करण्याची पट्टी असते आणि ती बोटाने सरकवत, कानाने ताडत, दोन तबकड्या एकत्र चालवाव्या लागत. आता सिंकचे बटण हे काम करते, म्हणून निव्वळ जुळणीला मी गुण देत नाही. शिवाय संगणकावर घरबसल्या निर्दोष मिक्स बांधता येतो, तेव्हा लाइव्ह या शब्दाला काही अर्थ उरायचा असेल तर तो एवढाच, की घेतलेला निर्णय मागे घेता आला नाही आणि समोर माणसे होती. अँडी सी हा ब्रिटिश ड्रम अँड बेस डीजे तीन-तीन डेकवर (ट्रॅक वाजवणाऱ्या यंत्रांवर) दोन ट्रॅकचे ड्रॉप, म्हणजे विसाव्यानंतर बेस आणि ड्रम पूर्ण जोराने येण्याचे क्षण, एकाच समेवर आणण्यासाठी, म्हणजे डबल ड्रॉपसाठी, ओळखला जातो. त्या कौशल्याचे खरे मोलही मला याच अर्थाने कळते.

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाविषयी. तेविसाव्या मिनिटाला भाच्याची चूक झाली आहे. नवा ट्रॅक त्याने आठ आवर्तने आधी सोडला, त्यामुळे सुमारे अकरा सेकंद दोन बेस एकमेकांत अडकले. त्याने दोन्ही बेस पूर्ण काढून टाकले, पुढची आठ आवर्तने फक्त ड्रम चालू ठेवले, आणि मग नवा बेस एकटाच समेवर आणला. मिक्सरच्या मुद्रणात पुसट ऐकू येणारा लोकांचा आवाज नेमका तिथे चढतो. हा भाग सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करण्याचा त्याचा विचार होता. मी त्याला ठाम नकार दिला. ज्या अडचणीतून ती मोकळी जागा निर्माण झाली, ती अडचण पुसली तर मोकळ्या जागेला काही कारणच उरत नाही, आणि संपूर्ण तासाभरात त्याचे कान सर्वांत जागे आहेत ते याच बावीस सेकंदांत.

खरा दोष पुढे आहे आणि तो त्याला दोष वाटत नव्हता. एकेचाळिसाव्या मिनिटानंतर पंधरा मिनिटांत त्याने सात डबल ड्रॉप घेतले आहेत. पहिल्याला लोकांनी दाद दिली आणि तो त्या दादेच्या मागे लागला, असे ऐकताना स्पष्ट जाणवते. त्या हॉलमध्ये, गर्दीत आणि घामात, ते सातही चालले असतील. घरी ऐकणाऱ्याजवळ मात्र फक्त कान असतात, आणि समेआधीचा विसावा काढून घेतला की सम ही सम वाटत नाही. त्याने विचारलेला फरक मला इथे सापडला: रेकॉर्डिंग त्या रात्री तिथे असलेल्यांसाठी असते, तर अल्बम तिथे नसलेल्यांसाठीही उभा राहावा लागतो.

माझा सल्ला असा होता की, अल्बम एकेचाळिसाव्या मिनिटाला संपवावा. तिथे बेस थांबतो, ३२ आवर्तने म्हणजे सुमारे ४४ सेकंद फक्त ड्रम राहतात, आणि तो स्वाभाविक शेवट आहे. मधला भाग कापणे मला अप्रामाणिक वाटते, पण कुठे थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार वाजवणाऱ्याला नक्की आहे. "मामा, पण लोक शेवटच्या वीस मिनिटांतच जास्त नाचले होते," असे तो म्हणाला, आणि ते खरेच असणार.

परवा तो सोलापूरला आला, तेव्हा आम्ही दोघांनी गोडाउनमध्ये बसून ते पुन्हा ऐकले. सातांपैकी सहा त्याने स्वतःच नाकारले. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाचा चौथा मात्र त्याने तीनदा लावायला सांगितला. तिथे एका ट्रॅकचा बेस प्रश्न केल्यासारखा थांबतो आणि दुसऱ्याचा त्याच खाचेत येऊन बसतो. दोन बेस एकत्र नांदत नाहीत हे माझे म्हणणे त्या आठ आवर्तनांपुरते खोटे ठरते. वहीत मी त्याची नोंदही केली नव्हती. अल्बम एकेचाळिसाव्या मिनिटाला संपवायचे आता नक्की झाले आहे, त्यामुळे तो डबल ड्रॉप त्यात असणार नाही, आणि त्याची हळहळ आम्हा दोघांनाही आहे.